शाळेतले लॉकर खाऱ्या हवेत टिकतील असे कशाचे करावेत?

वेंगुर्ला_शाळासमिती
नमस्कार मंडळी. समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर शाळेची नवी इमारत उभी राहतेय. पाचवी ते दहावी, 180 मुलं. भिंती चिऱ्याच्या (जांभा दगडाच्या), वर्गांपुढे 2.4 मीटर रुंद पडवी. लॉकर पडवीतच लावायचे आहेत. पुरवठादार 0.8 मिमी पत्र्याचे, पावडर कोटिंग केलेले (कोरडी रंगपूड भट्टीत भाजून बसवलेले) सुचवतोय. टिकतील का? आकार किती ठेवावा?

पत्राकाम
साधा सीआरसी पत्रा (कोल्ड रोल्ड, जस्ताचा थर नसलेला) असेल तर घेऊ नका. गंज सहसा पत्र्याच्या मधोमध सुरू होत नाही. कापलेली कड, स्पॉट वेल्डिंगचा जोड आणि तळाची घडी इथे पावडर नीट पोचत नाही, खारी ओल मात्र पोचते. पत्राच हवा तर 1 मिमी गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेला) घ्या. भोकं, घड्या सगळं आधी, कोटिंग शेवटी. जागेवर ड्रिल चालवू देऊ नका, त्या भोकातूनच तांबडे ओघळ येतात.

स्टेनलेस म्हणाल तर ग्रेड बिलावर लिहून घ्या. किनाऱ्यावर 304 ला तपकिरी डाग धरतात. 316 मध्ये मॉलिब्डेनम असतं, ते जास्त तग धरतं. अख्खे लॉकर त्याचे महाग पडतील, पण बिजागऱ्या, स्क्रू, कडी-कोयंडा 316 चाच घ्या.

फर्निचर_देवगड
मी तर पत्राच टाळेन. 12 मिमी कॉम्पॅक्ट लॅमिनेट (रेझिनमध्ये भिजवलेले कागद दाबून केलेली टणक फळी) घ्या. गंज नाही, वाळवी नाही, कडा फुगत नाहीत. एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा-चुरा दाबून केलेल्या फळ्या) इथे अजिबात नको. फक्त लॅमिनेटच्या कडेत लाकडी स्क्रू मारू देऊ नका, थर फाटतो. फळीच्या सपाट बाजूला 9 मिमी खोल भोक, त्यात पितळी इन्सर्ट (आतून आटे असलेली नळी) आणि मशीन स्क्रू.

खण 300 मिमी रुंद, 450 उंच, 450 खोल. एकावर एक तीनच. चौथा केलात तर पाचवीच्या मुलाचा हात पोचत नाही. 180 खणांच्या 60 उभ्या रांगा म्हणजे 18 मीटर भिंत लागेल. दार काटकोनात उघडलं तरी चालायला सुमारे 1.6 मीटर उरतात.

झड पडवीत येतेच, म्हणून खाली 150 मिमीचा पक्का ओटा बांधा. दाराला वर-खाली हवेच्या फटी, मागे भिंतीपासून 40 मिमी मोकळं, नाहीतर श्रावणापर्यंत वह्यांना बुरशी. ओले रेनकोट लॉकरमध्ये नकोतच. त्यांना वेगळ्या खुंट्या आणि खाली पाणी बाहेर नेणारी पन्हळ.

वेंगुर्ला_शाळासमिती
लॉकर भिंतीला पक्के करायला चिऱ्यात अँकर बोल्ट (भोकात फुगून धरणारा) धरेल का?

पत्राकाम
भरवसा नाही. बोल्ट फुगतो तसा सच्छिद्र चिरा आतून चुरतो, आणि मुलं दाराला लोंबकळली की लॉकर पुढे येतो. भिंत बांधून झाली असेल तर जाळीची नळी घालून केमिकल अँकर (भोकात रेझिन भरून चिकटवलेला बोल्ट), तोही भोकातली धूळ ब्रशने आणि हवेने पूर्ण काढून. पण तुमची इमारत अजून होतेय, तर 1.3 ते 1.45 मीटर उंचीवर आरसीसी पट्टा टाकून घ्या. वरच्या खणाचे बोल्ट त्यात जातील. मागच्या 40 मिमी फटीत प्रत्येक बोल्टवर नायलॉनची नळी घाला, म्हणजे बोल्ट आवळताना पाठ आत ओढली जाणार नाही.