अनुभव धागा : गाडीतच मुक्काम, आणि एक अख्खा दिवस छोट्या गावात

मंडळी, गेल्या वर्षी आम्ही एक जुनी टेंपो ट्रॅव्हलर घेऊन तिची कॅम्परव्हॅन करून घेतली. तेव्हापासून माझं एक मत पक्कं झालंय, पाचगणी-महाबळेश्वरला पळत सुटण्यापेक्षा वाटेतल्या वाईला पूर्ण दिवस द्यावा. तुमचेही असे दिवस इथे लिहा, गाव कुठलं, गाडी कुठे लावली, काय बघितलं, सगळं. सुरुवात मी करते.

पुण्यातून रात्रीच निघालो, खंबाटकी ओलांडून सुरूर फाट्याला आत वळलो आणि वाईजवळच्या मेणवली गावाच्या अलीकडे एका शेतकरी दादांना विचारून त्यांच्या अंगणात गाडी लावली. पहाटे दार सरकवलं तर हळद शिजवायचा वास, ओलसर मातीसारखा, थोडा उग्र, आणि काहिलीवर वाफ नुसती. वहिनींनी शिजलेलं एक हळकुंड मोडून दाखवलं, आतून केशरी! मुलीने ते दिवसभर रुमालात बांधून ठेवलं होतं.

गाडी तिथेच ठेवून पायी मेणवलीच्या नदीघाटावर गेलो. नाना फडणवीसांचा वाडा, खाली कृष्णा, आणि घाटावरच्या देवळापाशी टांगलेली ती मोठी घंटा. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा तिथून आणलेली ही पोर्तुगीज घंटा. जवळ जाऊन बघा, कडेवर बाळ येशू घेतलेली मेरी आहे आणि १७०७ हा आकडा कोरलेला आहे. मुलीने त्या आकड्यावरून बोट फिरवलं, मी पण फिरवलं. मग वाईत ढोल्या गणपती. दर्शन घेऊन सगळे परत फिरतात, पण देवळाच्या मागे जाऊन भिंत बघाच, माशाच्या आकाराची आहे, म्हणजे कृष्णेचा पूर आला की पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जातं. संध्याकाळी वाईजवळच्या धोमला, तिथल्या देवळातला नंदी कमळाच्या आकाराच्या कुंडात कासवाच्या पाठीवर बसलाय. काळोख पडेपर्यंत तिथेच बसलो होतो, उठावंसंच वाटेना.

*

सिंहगड रोडवरून : आमचं जुन्नर. आई-बाबा बरोबर होते आणि आईचे गुडघे दुखतात म्हणून इतकी वर्षं ती कुठे यायलाच तयार नसायची. यावेळी गाडीत बेड, टॉयलेट सगळं असल्यामुळे आली. लेण्याद्रीच्या तीनेकशे पायऱ्या तिला जमणाऱ्या नव्हत्या, ती खाली गाडीत पडून राहिली, आम्ही वर जाऊन गिरिजात्मजाचं दर्शन घेतलं. एवढा मोठा मंडप आणि मधे एकही खांब नाही, सगळा डोंगरातून कोरलेला. खाली येऊन आईला फोटो दाखवत होतो तर तिचं वेगळंच, तिने पार्किंगमधल्या काकडी विकणाऱ्या मावशींशी ओळख काढून त्यांच्याकडून मासवडीची रेसिपी लिहून घेतली होती! दुपारी नाणेघाट. तिथे चढ नाही, आईसुद्धा जुन्या काळी जकात टाकायच्या त्या दगडी रांजणापर्यंत चालत आली. गुहेतला ब्राह्मी लेख मात्र तिला खाली उतरून बघता आला नाही, त्याचं वाईट वाटलं. सातवाहनांच्या नागनिका राणीचा लेख, दोन हजार वर्षांपूर्वीचे आकडे आहेत त्यात.

*

हडपसर : सासवड. जवळ आहे म्हणून हलक्यात घेऊ नका. भरलेली गाडी दिवे घाटात चढताना क्लचचा वास यायला लागला, दोनदा थांबलो. आणि खरी चूक गावात झाली, आमची गाडी नऊ फूट उंच, गल्लीत शिरलो आणि टपावरचं सोलर पॅनल केबलला अडकून त्याची क्लॅम्प तुटली. एक आजोबा काठी घेऊन पुढे उभे राहिले आणि अर्धा तास खपून त्यांनी गाडी मागे काढून दिली, वर घरी नेऊन चहा पाजला. त्यांनीच मग सोपानकाकांच्या समाधीला नेलं, तिथून कऱ्हेकाठी संगमेश्वराला. माऊलींची पालखी गावात मुक्कामाला असते तेव्हा या घरात किती जण जेवतात ते सांगताना त्यांचा आवाज भरून आला होता. पालखीच्या वेळी परत यायचं वचन देऊन आलोय आणि ते पाळणार आहे. गाडीची उंची डॅशबोर्डवर लिहून चिकटवलीये आता.

*

कोथरूड : भोर केलं. बनेश्वर, राजवाडा, भाटघरच्या पाण्याकाठी जेवण. राजवाडा बाहेरूनच बघितला. ताई, मेणवलीला गाडी थेट घाटापर्यंत जाते का? आणि वापरलेलं पाणी कुठे सोडलं?

*

@कोथरूड, मोठी गाडी आत नेऊ नका, गावाबाहेर लावा आणि चाला. वापरलेलं पाणी आम्ही टाकीत साठवून घरी आणूनच ओततो, शेतात किंवा कृष्णेत एक थेंबसुद्धा नाही. आणि घाटावर सातच्या आत पोचा, नंतर सहलीच्या बस यायला लागतात.