एअर इंडिया बिल्डिंग आतून बदला, पण बाहेरून हात लावू नका

पॉइंटवाला:
राज्य सरकारने नरिमन पॉइंटची एअर इंडिया बिल्डिंग १,६०१ कोटींना घेतली, सरकारी ऑफिसं तिकडे जाणार, चांगलंच आहे. पण तेव्हापासून ज्याच्याशी बोलावं तो म्हणतो की आता बाहेरून काचा लावा, बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुल) ऑफिसांसारखी चकाचक करून टाका. माझा साफ विरोध आहे. १९७४ची ही २३ मजली बिल्डिंग जॉन बर्जी या अमेरिकन आर्किटेक्टची. त्याचा पार्टनर फिलिप जॉन्सन, ज्याने तिथनंच जवळ एनसीपीए या कलाकेंद्राचं टाटा थिएटर डिझाइन केलं. मरीन ड्राइव्हवरून येताना ही पांढरी बिल्डिंग आणि डोक्यावरचा तो एअर इंडियाच्या लोगोतला धनुर्धारी दिसला की मुंबईकराला कुठे आलो ते सांगावं लागायचं नाही. १२ मार्च १९९३ला हिच्यातही बॉम्बस्फोट झाला, माणसं गेली, तरी बिल्डिंग उभी राहिली. आत काय हवं ते करा, पार्टिशन पाडा, लिफ्ट बदला, सगळं वायरिंग उपटून नवीन टाका. दर्शनी भाग तेवढा आहे तसा ठेवा.

बोरिवली_फास्ट:
अजिबात पटलं नाही. ऑफिस कामासाठी असतं हो, लांबून बघायला नाही. २०१२ला मंत्रालयाला आग लागली तेव्हापासून खाती विखुरली, काही तर जीटी हॉस्पिटलच्या आवारात गेली, आणि गावाकडनं एसटीने रात्रभर प्रवास करून आलेला माणूस पास काढून आत जातो तेव्हा त्याला कळतं की आपलं टेबल इथे नाहीच, पलीकडच्या बिल्डिंगमध्ये आहे. माझ्या काकांनी पेन्शनच्या फाईलसाठी हे सगळं भोगलंय. एकदा का चेहरा जपायचा विषय निघाला की कमिटी बसते, कोणीतरी कोर्टात जातं आणि काम लटकतं. काच लावायची तर लावा पण लवकर सुरू करा.

परांचीवरून:
मी रिपेअरिंगच्या कामात आहे. समुद्रासमोरच्या बिल्डिंगचा खरा शत्रू खारी हवा. मीठ काँक्रीटमध्ये शिरतं, आतली सळई गंजते, गंजली की फुगते आणि वरचं काँक्रीट ढकलून पाडते. परांचीवर उभं राहून हातोडीने ठोकत जायचं, टणटण वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर आतून सुटलंय. दर पावसाळ्यानंतर तेच, मग परत पॅच, परत रंग. त्यापेक्षा एकदाच बाहेरून पॅनेल मारले तर पावसाचा मारा तरी थेट बसणार नाही. मला आवडतात या जुन्या बिल्डिंगी, पण दरवर्षी तेवीस मजले परांची बांधायचा खर्च कोण देणार ते सांगा.

पॉइंटवाला:
@परांचीवरून, दादा तुमचा मुद्दा खरा आहे, पण पॅनेलच्या मागे सळई गंजायची थांबते का? गंजते ती दिसायची बंद होते, आणि तो बद्द आवाज कुणाला ऐकूच येणार नाही. शिवाय आग. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला २०१७ला आग लागली तेव्हा ती बाहेरच्या पॅनेलवरूनच वर चढली, ७२ लोक गेले. एकदा मंत्रालय जळालेलं बघितलंय आपण. आणि काच म्हणाल तर पश्चिमेचं ऊन, समोर समुद्र, दुपारी तीनला त्या काचेमागे बसणाऱ्या क्लार्कसाठी एसी किती चालवणार?

माहीमची_माई:
अमेरिकन माणसाने बांधलेल्या ऑफिससाठी एवढा जीव का टाकायचा? आपल्या चाळी, वाडे पडतायत तेव्हा कोणी बोलत नाही.

गोलघुमट:
माई, चाळींसाठी बोलायलाच हवं, त्याबद्दल वादच नाही. पण सीएसएमटी आणि समोरची महापालिकेची बिल्डिंग दोन्ही स्टीव्हन्स नावाच्या इंग्रजाच्या, त्या आपण आपल्या मानतोच ना? शंभर वर्षं झाली की सगळे जपा म्हणतात, पन्नासाव्या वर्षी कुणी वाली नसतो. दिल्लीत प्रगती मैदानातला हॉल ऑफ नेशन्स हा प्रदर्शनाचा हॉल, आर्किटेक्ट राज रेवल यांचा, १९७२चा, तो वाचवा म्हणून लोक ओरडत होते तर उत्तर काय मिळालं की साठ वर्षं झाल्याशिवाय हेरिटेजचा विचारच नाही. एप्रिल २०१७मध्ये पाडला. एअर इंडिया बिल्डिंगला साठ व्हायला २०३४ उजाडेल, तोवर काय शिल्लक राहणार?

परांचीवरून:
ग्रेनफेलचं मान्य, तसले पॅनेल मीही लावू देणार नाही, न पेटणारे मिळतात. पण रंगावर रंग मारणं म्हणजेही जपणं नाही. चेहरा ठेवायचा तर टेंडर काढायच्या आधी सगळ्या बाजूंचं स्ट्रक्चरल ऑडिट करा, प्लास्टर खरवडून सळ्या उघड्या करून बघा, आणि पुढच्या वीस वर्षांच्या देखभालीचे पैसे आत्ताच बाजूला काढा. ते होणार नसेल तर माझं मत पॅनेललाच.

बोरिवली_फास्ट:
ऑडिट करा, बाहेरचं जे ठरवायचं ते ठरवा, पण तोवर आतलं काम थांबवू नका. तळमजल्यावर मोठा चौकशी कक्ष आणि कुठलं खातं कुठल्या मजल्यावर याचा ठळक मराठी बोर्ड, एवढं आधी झालं पाहिजे. पांढरी ठेवली म्हणून माझी तक्रार नाही, उशीर झाला तर आहे.