जॉन रीडच्या तारखा जुळत नाहीत

फोंडेकर: कॉलेजच्या मुलांसाठी पेत्रोग्राद 1917 चा, म्हणजे रशियन क्रांतीचा, घटनाक्रम लावतोय. बोल्शेविकांच्या उठावाची तारीख अमेरिकन पत्रकार रीड 7 नोव्हेंबर म्हणतो, तर आठवणी लिहिणारा रशियन सुखानोव 25 ऑक्टोबर. कुणाचं धरू?

म्हापशेकार: दोघांचंही बरोबर. रशियात तेव्हा ज्युलियन पंचांग, आपल्यापेक्षा 13 दिवस मागे. रीडने सगळीकडे नव्या तारखा वापरल्यात, सुखानोवने जुन्या. तक्त्यात दोन रकाने ठेवा. घोळ मध्यरात्रीपाशी होतो: हिवाळी राजवाडा (हंगामी सरकारचं ठाणं) पडला पहाटे दोनच्या सुमारास, म्हणजे 8 तारखेला, पण सगळे सर्रास 7 लिहितात. आणि 31 जानेवारी 1918 नंतर थेट 14 फेब्रुवारी. तिथून एकच रकाना पुरे.

डिचोलीवाचक: तारखांपेक्षा ‘हे त्याने स्वतः पाहिलं का’ हे तपासा. रीडची रशियन भाषा कच्ची होती, भाषणं बरीचशी दुभाष्यांकडून आणि वर्तमानपत्रांतून आलेली. प्रत्येक नोंदीपुढे ‘पाहिलं, ऐकलं, वाचलं’ असा शेरा मारा. सुखानोवही सगळीकडे नव्हता बरं! बोल्शेविकांचा उठावाचा ठराव झाला ती बैठक त्याच्याच घरात भरली, आणि हा बाहेर.

फोंडेकर: देव बरें करूं! तिसरा रकाना वाढवतो.

म्हापशेकार: रीडची परिशिष्टं गाळू नका. जाहीरनामे तिथेच आहेत, मुलांना ताडून बघता येतील.