तीन सिलिंडरची सेकंड हँड बाईक घ्यावी का? मदत हवी आहे

मंडळी, मी म्हापशाचा. २०२० ची ट्रायम्फची तीन सिलिंडरवाली स्ट्रीट ट्रिपल ७६५ आरएस बघून आलोय आणि तेव्हापासून झोप उडालीय. आजवर दोन सिलिंडरचीच गाडी चालवली. ट्रायल घेतली तर खालच्या आरपीएमला दोनवाल्यासारखी ओढ, वर गेल्यावर चारवाल्यासारखी किंचाळी! क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) १२० अंशांचा, तो दर २४० अंश फिरला की एक फायरिंग, म्हणून तो आवाज, एवढं वाचून कळलं. मोटो२ च्या जागतिक बाईक शर्यतींना २०१९ पासून ह्याच ७६५ इंजिनावर बेतलेली इंजिनं जातात, हे ऐकून तर भाऊही गप्प झाला. (बायको नाही झाली.)

आता खरी भीती. रोज पर्वरीच्या ट्रॅफिकमधून पणजी. मे महिन्यात मांड्या भाजतात का? रविवारी चोर्ला घाट ठरलेला, पण पावसात १२३ पीएसची ताकद झेपेल? रेन मोड पुरतो का?

व्हॉल्व्ह क्लिअरन्स (इंजिनातल्या व्हॉल्व्हची फट) तपासायला किती खर्च आला, आणि गोव्यात कोणी करतं की बेळगाव गाठावं लागतं? समुद्राच्या खाऱ्या हवेत रेडिएटर, बोल्ट गंजले का?

वापरणाऱ्यांनीच सांगा. मालक शनिवारपर्यंतच थांबणार आहे.