नाटकाची पदवी हवी कशाला?

तिसरी_घंटा :
बारावीचे आणि पदवीचे निकाल लागले की हा प्रश्न हमखास येतो: "मुलाला नाटकात एम.ए. करायचंय, करू द्यावं का?" माझं उत्तर जरा खरमरीत आहे, म्हणून धागाच काढतोय.

मराठी रंगभूमी पदवीवर उभी राहिलेली नाही. डॉ. लागू कान-नाक-घशाचे सर्जन, जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ, सतीश आळेकर जीवरसायनशास्त्रातले. ही माणसं तयार झाली ती कॉलेजच्या एकांकिकांत, हौशी संस्थांत आणि स्पर्धांत. १९५४ पासून राज्य नाट्यस्पर्धा आहे, १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा. पुण्यात ती जिथे होते त्या भरत नाट्य मंदिरात समोर पोरांची झुंड बसलेली असताना एक पॉज धरून दाखवा, मग बोलू. तो पॉज कुठल्या सेमिस्टरला शिकवतात?

बरं, दोन वर्षं भरतमुनी, स्तानिस्लावस्की आणि ब्रेख्त करून मुलं शेवटी मुंबईत मालिकेच्या ऑडिशनच्या रांगेतच उभी राहतात. त्यांच्या पुढे एखादा बी.कॉम. झालेला असतो. मार्कशीट कुणी मागत नाही.

विंगेतला :
ही डॉक्टरांची यादी दर वेळी येते. तिच्यात नट आहेत, दिग्दर्शक आहेत, लेखक आहेत. नेपथ्यकार किंवा प्रकाशयोजनाकार एक तरी आहे का? आणि ही मंडळी हौस म्हणून नाटक करू शकली कारण महिन्याचा पगार किंवा दवाखाना होता. शिवाय ज्या आळेकरांचं नाव घेतलंत, ते १९९६ पासून बरीच वर्षं पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राचे प्रमुख होते. त्यांना शिक्षण फालतू वाटलं असतं तर त्यात एवढी वर्षं घातली असती का?

मी नाटकाचंच शिक्षण घेतलंय. पहिल्या सत्रात अभिनयाचं फारसं नावच नव्हतं. तालमीच्या हॉलच्या फरशीवर टेप लावून नेपथ्य आखायचं. दार तीन फुटांचं म्हणजे तीनच फुटांचं. कुणी आखलेल्या भिंतीतून आरपार चालत गेलं की तालीम तिथेच थांबायची, सर काही बोलायचे नाहीत, नुसते बघत राहायचे. संहितेच्या प्रत्येक पानासमोर एक कोरं पान. त्यावर हालचाली पेन्सिलने, कारण त्या उद्या बदलणार. प्रकाशाचे क्यू, म्हणजे दिवा बदलायच्या खुणाही तिथेच: कुठल्या शब्दावर, किती सेकंदांत, कुठला चॅनल. परीक्षा अशी, की ही वही दुसऱ्याच्या हातात द्यायची आणि त्याने तुम्हाला काहीही न विचारता प्रयोग चालवून दाखवायचा. पहिल्यांदा निम्म्या वर्गाचा प्रयोग दहाव्या मिनिटाला अंधारात गेला.

स्पर्धेच्या एकांकिकेत हे सगळं दिग्दर्शकाच्या डोक्यात असतं. त्याला ताप आला की सगळा ग्रुप गारठतो. समोरून सपाट उजेड मारला की चेहरा पिठासारखा दिसतो, डोक्यावरून मारला की डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. हे कळायला शिडीवर चढून दिवा फिरवावा लागतो, आणि त्यासाठी लागणारा निवांत वेळ स्पर्धेत कुणाकडेच नसतो. थिएटर मिळतं ते घड्याळ लावून.

कट्टेकरी :
तुमचं नशीब थोर! मी ज्या विभागात शिकलो (नाव घेत नाही) तिथे पूर्णवेळ शिक्षक एक, बाकी सगळे तासिका तत्त्वावर. डिमर बोर्ड (दिव्यांचा उजेड कमी-जास्त करायचं यंत्र) कपाटात, कपाटाची किल्ली लिपिकाकडे आणि लिपिक रजेवर. प्रकाशयोजना फळ्यावर शिकलो. पेपरात प्रश्न: 'रंगमंचीय प्रकाशयोजनेचे महत्त्व विशद करा.' केलं विशद, पासही झालो. पार कॅन, म्हणजे रंगमंचावरचा डब्यासारखा दिवा, हातात पहिल्यांदा धरला तो एका व्यावसायिक नाटकाच्या दौऱ्यावर, आणि तोही तापलेला.

तिसरी_घंटा :
@कट्टेकरी, बघा! दौऱ्यावरच शिकलात ना शेवटी?

कट्टेकरी :
दौऱ्यावर दिवा लावायला शिकलो. तो तिथेच का लावायचा, हे विचारायला गेलो तर "चल, ट्रक भरायचाय" असं उत्तर मिळायचं. त्यामुळे मला तुमच्या पार्टीत ओढू नका.

सीमाभाग :
बेळगावहून लिहितोय, म्हणून थोडं पलीकडचं सांगतो. शिवमोग्गा जिल्ह्यात हेग्गोडू नावाचं खेडं आहे. के. व्ही. सुब्बण्णांनी तिथे १९४९ मध्ये नीनासम ही संस्था काढली, १९८० मध्ये नाट्यशिक्षण केंद्र सुरू झालं. पण खरी गंमत १९८५ ची: 'तिरुगाट' ही फिरती मंडळी. शिकलेली मुलं तिच्यातून कर्नाटकभर गावोगाव प्रयोग करत हिंडतात. पुढे १९८९ मध्ये राज्य सरकारने म्हैसूरला रंगायण ही रेपर्टरी, म्हणजे पगारी नटांची कायमची मंडळी काढली, दिग्दर्शक बी. व्ही. कारंतांच्या हाताखाली. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचंही (एन.एस.डी.) तेच: शाळा १९५९ ची, रेपर्टरी १९६४ ची. शिकून बाहेर पडल्यावर काही काळ पगारावर नुसतं नाटक करायची सोय.

आपण विद्यापीठांत विभाग काढले, पण पुढचा जिना बांधलाच नाही. पोरगं पदवी घेऊन थेट रस्त्यावर. मग पदवीलाच शिव्या.

तिसरी_घंटा :
रेपर्टरी म्हणजे अनुदान, आणि अनुदान म्हणजे फाइल. आमच्याकडे तिकीट काढून नाटक बघणारा प्रेक्षक आहे, ते बळ किती भाषांकडे आहे? शनिवार-रविवारी बुकिंगच्या खिडकीवर बसा, नाटकाचं काय चुकलं ते पहिल्या तीन प्रयोगांत समजतं. सरकारी पगारावरच्या नटाला ते कधी समजणार?

सीमाभाग :
बुकिंगच्या खिडकीवर दोन पात्रांचं, एका सेटचं, घरगुती विनोदी नाटक चालतं. वीस पात्रांचं नाटक कोण काढतो सांगा? वीस नाइटी (दर प्रयोगाचं मानधन) द्यायच्या, वीस जणांची बस, वीस जणांचं जेवण. निर्माता संहिता हातात घेऊन आधी पात्रंच मोजतो. विद्यार्थ्यांनी नाही केलं तर शेक्सपिअर किंवा कालिदास मराठीत उभा राहायचा तरी कुठे?

ओसरी :
सगळे बापे बोलून झाले असतील तर मी बोलू का? 😄

"रात्री दोनपर्यंत तालीम, मग टपरीवर चहा, तिथेच खरं शिक्षण" हे ऐकायला छान वाटतं. माझ्या वसतिगृहाचं दार दहाला बंद व्हायचं. तालुक्याच्या गावातल्या मुलीने घरी "नाटक करते" म्हटलं की त्याच आठवड्यात स्थळं बघायला लागतात. "एम.ए. करते" म्हटलं की वडील गप्प बसतात, फी भरतात, वर नातेवाइकांनाही सांगतात. माझ्या बॅचमधल्या बहुतेक मुलींना पदवीने आधी काही दिलं असेल तर ती परवानगी. दुपारी दोन ते सहा, हजेरी लागणारी, वेळापत्रकातली तालीम. अभिनय आला की नाही हा त्याच्या नंतरचा प्रश्न.

आणि पुढे काय, म्हणाल तर मी शाळेत शिकवते. शाळेत चित्रकलेचे मास्तर असतात, नाटकाचे अपवादानेच. मीही इतिहासाचीच बाई आहे, पण सातवीच्या पोरांकडून तह करून घेते, दोन बाजूंना बाकं लावून. एन.एस.डी.ने शाळकरी मुलांसाठी वेगळी तुकडी १९८९ मध्येच उभी केली होती. इथे दर जिल्ह्याला नाटकाच्या शिक्षकांच्या पाच जागा तरी काढा, मग मोजा किती पदवीधर बेकार राहतात ते.

तिसरी_घंटा :
@ओसरी, परवानगीचा मुद्दा मान्य, शंभर टक्के. पण तो समाजाचा दोष झाला, त्याने अभ्यासक्रम चांगला ठरत नाही. माझा भाचा विचारतोय, घरून कसली आडकाठी नाही. त्याने दोन वर्षं का घालवावीत?

विंगेतला :
भाच्याला करायचंय काय? अभिनयच असेल तर तुमचं ऐकू दे त्याने, दोन वर्षं स्पर्धा करू दे. एन.एस.डी.च्या अर्जालाही पदवीबरोबर किमान सहा नाटकांचा अनुभव लागतोच, आणि देशभरातून घेतात जेमतेम तीसेक मुलं. नेपथ्य, प्रकाश किंवा दिग्दर्शन असेल तर शिकू दे. फक्त प्रवेश घेण्याआधी त्या विभागात एक दिवस जाऊन बसायला सांगा, आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारू दे, गेल्या वर्षी प्रयोग किती केले आणि दिवे कुणी लावले.

कट्टेकरी :
आणि किल्ली कुणाकडे असते तेही.