मदत हवी आहे: जुन्या गाडीच्या एसीत यॉर्कच्या जागी सँडेन कम्प्रेसर

गाडी १९६६ ची, पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचं धन टोक बॉडीला). यॉर्क २१० चं शाफ्ट सील गळतंय, आयडलला बॉनेट थरथरतं. सँडेन ५०८ बसवून आर-१२ गॅसऐवजी आर-१३४ए गॅस भरायचाय. ब्रॅकेट तयार आहे. १३८ सीसीचा सँडेन १६९ सीसीच्या यॉर्कपुढे कमी पडेल का? ड्रायर (गॅसमधली ओल शोषणारी बाटली) वर्षभरापूर्वीचा आहे, चालेल? तेल कुठलं आणि किती? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १
कमी पडणार नाही. यॉर्कला दोन सिलिंडर, सँडेनला पाच, त्यामुळे थरथरही जाईल. खरी मेख तेलात आहे. यॉर्कच्या पोटात स्वतःची तेलाची टाकी असते. सँडेनला मात्र गॅसबरोबर फिरून परत आलेल्या तेलावरच जगावं लागतं. आर-१२ बरोबरचं जुनं मिनरल तेल आर-१३४ए मध्ये विरघळत नाही. ते कूलिंग कॉइलच्या तळाशी साचतं आणि कम्प्रेसर कोरडा पडून जाम होतो.

म्हणून होज, कॉइल फ्लश करून नायट्रोजनने सुकवा. एक्सपान्शन व्हॉल्व्ह आधी काढा. कम्प्रेसर आणि ड्रायरमधून फ्लश कधीच नाही. आर-१३४ए साठीचं सिंथेटिक पॅग तेल सगळं मिळून साधारण १७५ मिली. नव्या कम्प्रेसरमध्ये आधीच तेल असतं, ते ओतून मोजा, मिनरल निघालं तर टाकून द्या. पॅग हवेतली ओल शोषतं, बाटली उघडी ठेवू नका.

ड्रायर नवाच, ओल शोषणाऱ्या एक्सएच-७ किंवा एक्सएच-९ दाण्यांचा. सिस्टीम उघडली की जुना बाद. ओ-रिंग एचएनबीआर रबराच्या, होज बॅरियरचे (आतल्या थरातून गॅस झिरपत नाही असे). आर-१२ हवेत सोडू नका, मशीनने काढून घ्या.

प्रतिसाद २
पॉझिटिव्ह अर्थ म्हणालात म्हणून: कम्प्रेसरच्या क्लचच्या कॉइलला पोलॅरिटीचं देणंघेणं नाही, पण तिच्यावर डायोड लावलेला असेल तर तो उलटा पडतो आणि स्विच दाबताच फ्यूज जातो. डायोड फिरवून लावा. क्लचला रिले द्या, जुन्या डॅशबोर्ड स्विचवर चार अँपिअर टाकू नका. क्लचची फट ०.४ ते ०.८ मिमी. क्रँक पुलीवर पट्टी धरून रेष जुळवा. एक-दोन मिमी चुकली तरी पट्टा किंचाळतो.

प्रतिसाद ३
पाऊण तास व्हॅक्यूम, मग पंप बंद करून अर्धा तास काटा बघा. काटा चढला तर गॅस भरू नका, गळती शोधा. गॅस वजनकाट्यावर, स्टिकरवरच्या आर-१२ च्या ८० टक्क्यांपासून सुरुवात.

धागाकर्ता
सगळं केलं, आभार. आता ३५ अंशात आयडलला हाय साइडचं (कम्प्रेसरनंतरचं) प्रेशर ३२० पीएसआय, लो साइडचं (आधीचं) ५५. पंधराशे आरपीएमला २४० आणि ३२. गॅस कमी करू का?

प्रतिसाद १
थांबा. आरपीएम वाढवल्यावर पंख्याचा वारा वाढतो आणि प्रेशर उतरतं, म्हणजे संशय कन्डेन्सरवर (गॅस थंड करणारी पुढची जाळी). आयडलला त्यावर पाण्याचा फवारा मारा. हाय साइड धाडकन पडली तर पॅरलल-फ्लो कन्डेन्सर, पंख्याला श्राउड (भोवतीचं आवरण) आणि पुढून इलेक्ट्रिक पंखा. मूळ ट्यूब-फिन कन्डेन्सर आर-१३४ए ला पुरत नाही.

आत हवा राहिलीय का तेही बघा: रात्रभर बंद ठेवून सकाळी गेज लावा. ३० अंशाला ९७ पीएसआयच्या आसपास हवं. बरंच जास्त दिसलं तर गॅस काढा, पुन्हा व्हॅक्यूम.