विषय: १ नोव्हेंबरचा दिवाळी कार्यक्रम, तारीख आणि शेवंतीच्या कुंड्या

१४ ऑक्टोबर २०२४, सेक्रेटरी

नमस्कार मंडळी,
यंदा लक्ष्मीपूजन शुक्रवारी १ नोव्हेंबरला आलंय आणि इथे पोलंडमधे त्या दिवशी सरकारी सुट्टी, म्हणजे कुणाला रजा टाकायला नको, हॉलपण लगेच मिळतोय. ५ ला पूजा, मग फराळ, मग गाणी आणि ९ पर्यंत डीजे, आवारात थोडे अनार-फुलबाज्या. सजावटीचं टेन्शन नाही, सुपरमार्केटमधे शेवंतीच्या कुंड्या ढिगाने आल्यात आणि एकदम स्वस्त, ३० घ्याव्या म्हणतोय, ८ काल घेतल्या पण. शुक्रवारपर्यंत कळवा.

१५ ऑक्टोबर, वॉर्सातल्या उर्सिनुफ भागातून काकू

अरे, बाकीच्या २२ घेऊ नकोस, आधी हे वाच. त्या कुंड्या आत्ताच का आल्यात माहितेय का, त्या कबरींसाठी आहेत. १ नोव्हेंबर म्हणजे फ्शिस्तकिख श्विएंतिख, सर्व संतांचा दिवस, आणि दुसऱ्या दिवशी झादुश्की, म्हणजे मृतांचा दिवस, पण खरं तर सगळा देश एक तारखेलाच आपापल्या माणसांच्या कबरीवर जातो. पोलंडमधे शेवंती हे त्या दिवसाचं फूल. आपल्याकडे गौरीला, हाराला, दाराच्या तोरणाला शेवंती लागते म्हणून आपल्याला ते शुभ वाटतं आणि तसं वाटणं चूक नाही, पण आपल्याकडे ३०-४० पोलिश पाहुणे येतात, सुना-जावई आहेत, शेजारी आहेत, त्यांना दारातच ३० कुंड्या दिसल्या तर स्मशानाच्या फाटकात उभं राहिल्यासारखं होईल. मी पहिल्या वर्षी विहीणबाईंकडे जाताना पिवळी शेवंती नेली होती, छान गुच्छ करून, आणि तोही १२ फुलांचा. इथे आनंदाला फुलं नेहमी विषम, सम फुलं मयताला. विहीणबाई काही बोलल्या नाहीत, घेतली, फुलदाणीत ठेवली, पण त्यांचा चेहरा मी अजून विसरले नाही.

आणि डीजेचं. त्या दिवशी दुकानं बंद, गावोगावची माणसं आईवडिलांच्या गावी निघालेली, वॉर्सात कब्रस्तानांना जाणाऱ्या जादा बस सोडतात, त्यांचे नंबर सी अक्षराने सुरू होतात. सव्वाचारला अंधार पडायला लागतो आणि मग झ्निच, म्हणजे काचेच्या कंदिलातले दिवे, इतके पेटलेले असतात की भिंतीबाहेरूनसुद्धा वरचं आकाश तांबूस दिसतं. एकदा वॉर्सातल्या पोवोंस्कीला जाऊन बघाच, १७९० चं कब्रस्तान आहे, तिथे त्या दिवशी नट-नट्या, लेखक लोक हातात डबा घेऊन उभे असतात आणि जुन्या थडग्यांच्या दुरुस्तीला वर्गणी गोळा करतात, १९७५ पासून हे चालू आहे.

माझं म्हणणं असं की ही त्यांची सर्वपित्री आहे. आपल्या दारात सर्वपित्रीला कुणी डीजे लावला तर आपल्याला कसं वाटेल? पूजा घरोघरी करूया, आवाज नको, आणि कार्यक्रम रविवारी ३ तारखेला, भाऊबीजच आहे त्या दिवशी.

१५ ऑक्टोबर रात्री, वूच शहरातून एक विद्यार्थिनी

काकू नमस्कार, मी नवीन आहे, ऑगस्टमधे आले. माझ्या रूममेटच्या आईने मला १ तारखेला त्यांच्या गावी बोलावलंय, आजीच्या कबरीवर जायचंय म्हणाली. मला जायचंय पण आमच्याकडे बायका स्मशानात जात नाहीत, आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली परत आल्यावर आंघोळ कर निदान. तिथे काय नेऊ, काय बोलू, रडतात का सगळे?

१६ ऑक्टोबर, काकू

बाळा, नक्की जा. त्या दिवशी घरातल्या माणसांत बोलावलं म्हणजे तुला घरचं मानलं. मलापण आधी जड गेलं होतं, माझ्या सासूबाईंना कळलं असतं तर त्यांनी उंबऱ्याबाहेरच थांबवलं असतं. आईच्या समाधानासाठी आंघोळ कर, त्यात काही वाईट नाही, फक्त तिथे त्यांच्यासमोर त्याबद्दल काही बोलू नकोस, कारण त्यांच्या मनात तिथे विटाळ नाहीच, ते आजीकडे जातायत.

रडत नाहीत फारसं. आठवडाभर आधी विहीणबाई बादली, ब्रश आणि साबण घेऊन जातात, दगड घासतात, पानं झाडतात, आपण दिवाळीआधी घर घासतो तशा मन लावून. त्या दिवशी सगळे चांगले गडद कोट घालून येतात, लहान मुलंपण असतात, कबरीपाशी उभं राहून कोण कोणाचं ते मुलांना सांगतात, मग शेजारच्या कबरीवरच्या लोकांशी बोलणं, कुणाचं लग्न झालं कुणाचं बाळ झालं. वॉर्सात तर कब्रस्तानाबाहेर पान्स्का स्कुर्का म्हणून पांढरी-गुलाबी चिवट मिठाई मिळते, कागदात गुंडाळलेली, पोरं तीच मागतात.

तू एक झ्निच ने, मोठा नको, मधला. शेवंतीची कुंडी नेलीस तर तिथे ती अगदी योग्य. "हॅपी" वगैरे काही म्हणू नकोस, गप्प उभी राहिलीस तरी चालतं. आजी कशी होती ते विचार, बस तेवढंच, मग त्या माउलीच बोलत राहतील. घरी गेल्यावर दारातच बूट काढ आणि उंबऱ्यावरून हात मिळवू नकोस, आधी आत ये मग हात दे, ते अशुभ मानतात.

आणि पूर्वजांसाठी हे करणं इथे चर्च येण्याआधीपासूनचं मानतात. पूर्वी पोलंड, बेलारूस, लिथुआनियाच्या खेड्यांत ज्यादी करायचे, शब्दाचा अर्थच आजे-पणजे, पूर्वज. दारं उघडी ठेवायची, त्यांच्यासाठी जेवण मांडायचं, वाट दिसावी म्हणून जाळ करायचा. गावातल्या भिकाऱ्यांना त्या दिवशी भाकरी द्यायची, भिकाऱ्यालाही तोच शब्द, कारण त्याच्या मुखी पडलं की पूर्वजांना पोचतं असा समज. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा डोळ्यासमोर कावळ्याचा घास आला. आमचे हे आधी बेलारूसमधे मिन्स्कला होते, तिथे ईस्टरनंतर नवव्या दिवशी, मंगळवारी, रादुनित्सा असते, त्यालासुद्धा सरकारी सुट्टी, लोक रंगवलेली अंडी घेऊन कबरीवर जातात आणि तिथेच बसून खातात. आणि इथे पूर्वेकडच्या घरांत ख्रिसमसच्या आदल्या रात्री गहू, खसखस, मध घालून कूत्या करतात, ती मुळात मयताच्या जेवणातली, चवीला जवळजवळ आपली गव्हाची खीर. त्याच रात्री टेबलावर एक ताट रिकामं मांडतात, कोणी म्हणतं अचानक येणाऱ्या पाहुण्याचं, विहीणबाई म्हणतात नवऱ्याचं.

१६ ऑक्टोबर, क्राकूफहून एक कोल्हापूरकर

काकूंशी १०० टक्के सहमत, तारीख बदलाच. आमच्या आजोळाजवळ वळिवडे, १९४३ ते ४८ तिथं पोलिश निर्वासितांची छावणी होती, सुमारे ५ हजार माणसं, बहुतेक बायका आणि पोरं, सायबेरियातून सुटून इराणमार्गे आलेली. नंतर त्याच जागी सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर झालं. आज्जी सांगायची त्यांच्या शाळेची घंटा, त्यांच्या चर्चमधलं गाणं. त्यातली जी माणसं परत गेलीच नाहीत त्यांच्या कबरी कोल्हापुरात आहेत. मला कायम वाटतं, त्यांच्या नातवंडांना एक तारखेला इतक्या लांब कसं जाता येणार. इकडं वॉर्सात वळिवड्याचं स्मारक आहे, दुसऱ्या महायुद्धातल्या मोंते कास्सीनोच्या लढाईच्या स्मारकाजवळ. माझी इच्छा आहे मंडळानं १ तारखेला दुपारी तिथं जाऊन दिवे लावावेत, मी क्राकूफहून गाडी घेऊन येतो.

१७ ऑक्टोबर, सेक्रेटरी

काकू, मला खरंच माहीत नव्हतं, तीन वर्षं इथे राहून माहीत नव्हतं, वाईट वाटतंय. हॉल ३ तारखेचा केला, डीजे ९ ऐवजी ८ पर्यंत. सजावट झेंडूसारखी दिसणारी कागदी फुलं आणि आंब्याच्या पानांची तोरणं. घेतलेल्या ८ कुंड्यांपैकी चार वळिवड्याच्या स्मारकापाशी ठेवू आणि उरलेल्या चार पोवोंस्कीला ज्या कबरींवर एकही दिवा नाही तिथे. १ तारखेला दुपारी २ ला भेटूया, गडद कपडे आणि गरम मोजे घाला. झ्निच मी आणतो, काडेपेटी नको, वाऱ्यात काडी टिकत नाही, लांब नळीचा लायटर आणा.